‘एस्तान्सिया’ म्हणजे नेमकं काय? हा शब्द आला कुठून?

प्रश्न असा आहे: अर्जेंटिनाविषयी स्पॅनिशमध्ये वाचताना ‘एस्तान्सिया’ हा शब्द पानापानावर भेटतो. कोशात पाहावं तर अर्थ दिलेला ‘मुक्काम’ आणि ‘खोली’. मजकुरात मात्र घोडेस्वार, हजारो गुरं आणि नजर पोचणार नाही एवढं गवताळ रान. मग हा शब्द नेमका कशाचा? तो आला कुठून? आणि ‘हासिएन्दा’, ‘रांचो’ ही त्याचीच दुसरी नावं का?

स्पॅनिश शिकवताना आणि अनुवाद करताना हा शब्द माझ्या वाट्याला सतत येतो. त्याच्याविषयी बोलायला मला मनापासून आवडतं, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी सरळ उत्तर. अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे आणि चिलीचं दक्षिण टोक या भागात ‘एस्तान्सिया’ म्हणजे गुरं किंवा मेंढ्या पाळण्यासाठी असलेली मोठी खासगी जमीन. कुरणं, पाणवठे, गुरांची वाडगी, मालकाचं घर, गड्यांची घरं हे सगळं त्यात आलं. मालक तो ‘एस्तान्सिएरो’. शब्द निघाला ‘एस्तार’ या क्रियापदातून, म्हणजे असणं, थांबणं. ‘एस्तार’ आलं लॅटिन ‘स्तारे’मधून, म्हणजे उभं राहणं. कोशातले ‘मुक्काम’ आणि ‘खोली’ हे अर्थही खरेच आहेत, स्पेनमध्ये आज तेच चालतात. गुरांचं रान हा अर्थ अटलांटिकपलीकडे, अमेरिकेत वाढला.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की हा शब्द सुरुवातीला जमिनीचा नव्हताच. तो गुरांच्या थांबण्याचा होता. जमीन त्यात नंतर शिरली, आणि मालकी त्याच्याही नंतर. हे लक्षात आलं की सोळाव्या शतकातला कागद आणि एकोणिसाव्या शतकातला कागद यांत एकच शब्द दोन वेगळ्या अर्थांनी का येतो, ते आपोआप उलगडतं.

आता शब्दाची घडण. स्पॅनिश शिकणाऱ्याला पहिल्या काही धड्यांतच दोन ‘असणं’ भेटतात, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. माणूस डॉक्टर आहे, उंच आहे, पुण्याचा आहे, तिथे ‘सेर’. माणूस घरी आहे, आजारी आहे, उभा आहे, तिथे ‘एस्तार’. म्हणजे ‘एस्तार’मध्ये जागा आणि अवस्था दोन्ही आहेत. त्याला ‘-आन्सिया’ हा प्रत्यय लागला की क्रियेचं नाम होतं, जसं ‘तोलेरार’ म्हणजे सहन करणं आणि ‘तोलेरान्सिया’ म्हणजे सहिष्णुता. त्या हिशेबाने ‘एस्तान्सिया’ म्हणजे थांबणं, राहणं. मग थांबण्याची जागा. मग घरातली बसण्या-उठण्याची खोली. आपल्या ‘वस्ती’ शब्दाने अगदी हाच प्रवास केला आहे. ‘रात्री वस्तीला थांबलो’ म्हणताना वस्ती ही क्रिया असते, ‘ते वस्तीवर राहतात’ म्हणताना तीच शेतातली घरं, गोठा आणि आसपासचा मळा होते. मराठी वाचकाला एस्तान्सिया समजवायची तर मी सुरुवात इथूनच करतो.

सुरुवातीचा ‘ए’ मूळ लॅटिनमध्ये नाही. ‘स’ला लगेच दुसरं व्यंजन जोडून आलं की स्पॅनिश जीभ पुढे ‘ए’ लावते: ‘एस्कुएला’ म्हणजे शाळा, ‘एस्तासिओन’ म्हणजे स्टेशन, ‘एस्पान्या’ म्हणजे स्पेन. खेड्यापाड्यांत स्टेशनचं ‘इस्टेशन’ होतं ते याच ओढीने. इंग्रजीतून आपल्याकडे आलेल्या ‘इस्टेट’मधला पहिला स्वरही असाच, जुन्या फ्रेंचने लॅटिन ‘स्तातुस’ला लावलेला. आणि ‘स्तातुस’चं मूळही ‘स्तारे’च. त्यामुळे ‘एस्तान्सिया’ इंग्रजी ‘इस्टेट’वरून आली असं काही ठिकाणी वाचायला मिळतं ते बरोबर नाही. दोघी एका आजीच्या नाती आहेत, एकीचा दुसरीतून जन्म झालेला नाही.

ती आजी आपल्याही घरची आहे. लॅटिन ‘स्तारे’ आणि संस्कृत ‘स्था’ हे एकाच मूळ धातूचे दोन फाटे. स्थान, स्थिती, संस्था, ठाणं, घोड्याचं किंवा बैलाचं ठाण, ‘ठाण मांडून बसणं’, सगळं तिथलंच. त्याहून जवळचं नातं ‘गोठा’ या शब्दाचं. गोठा आला ‘गोष्ठ’वरून, आणि गोष्ठ म्हणजे गो अधिक स्थ, गाई जिथे उभ्या राहतात ती जागा. कोकणात गावाबाहेर गुरं एकत्र थांबवायच्या जागेला ‘गोठण’ म्हणतात, तीही त्याच घराण्यातली. म्हणजे वेदकाळातल्या गोपालकाने आणि सोळाव्या शतकातल्या कॅस्टिलियन गुराख्याने एकमेकांची खबरबात नसताना एकाच धातूवरून गुरांच्या जागेचं नाव पाडलं. ऑस्ट्रेलियात गुरांच्या किंवा मेंढ्यांच्या प्रचंड जमिनीला ‘स्टेशन’ म्हणतात. तिथेही तेच, लॅटिन ‘स्तारे’वरून आलेला, थांबण्याच्या ठिकाणाचा शब्द. हा निव्वळ भाषिक योगायोग मला वाटत नाही. जिथे कुंपण नाही, रान उघडं आहे आणि कळप फिरता आहे, तिथे जागेची ओळख मोजमापाने पटत नाही. कळप कुठे थांबतो यावरून पटते.

इथून खरी कथा सुरू होते. अमेरिका खंडात गाई नव्हत्या. कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत, 1493 मध्ये, त्या प्रथम कॅरिबियन बेटांवर उतरल्या. मेक्सिकोत त्या 1520 च्या दशकात पोचल्या आणि तिथल्या गवतावर भराभर वाढल्या. स्पॅनिश लोक सोबत आपल्या मुलखातली रीतही घेऊन आले: रान, कुरण, पाणी हे सगळ्यांचं. पीक निघालं की शेतातल्या धसकटांवरही कोणाचीही जनावरं चरू शकत. आपल्या गायरानासारखीच कल्पना, फक्त कितीतरी मोठ्या पसाऱ्यावर. 1541 च्या राजाज्ञेने अमेरिकेतली कुरणं, वनं आणि पाणी सर्वांना समाईक ठरवली.

अशा व्यवस्थेत ‘एस्तान्सिया’ म्हणजे जमिनीचा तुकडा कसा असेल? ती होती गुरांचा तळ. अमक्याची जनावरं अमक्या ओढ्याजवळ थांबतात, तिथे त्याचे गुराखी राहतात, तिथे दुसऱ्याने तळ टाकायचा नाही, एवढाच तिचा अर्थ. कुरण सगळ्यांचं, तळ त्याचा. पण हा तळ शेजारच्या स्थानिक गावांना फार महाग पडला. मका हे त्या लोकांचं जगण्याचं धान्य, त्यांच्या शेतांना कुंपण नसे आणि एवढं मोठं जनावर आवरायची त्यांना सवयही नव्हती. मोकाट गुरं उभं पीक तुडवत. व्हाइसरॉयकडे तक्रारी गेल्या, तळ गावापासून किती अंतरावर असावा याचे नियम झाले, काही ठिकाणी गुरं हलवायचे हुकूमही निघाले. नियम कागदावर राहिले आणि कळप वाढतच गेले, असंच बहुतेक ठिकाणी झालं.

मग मोजमाप आलं. 1567 मध्ये मेक्सिकोचे व्हाइसरॉय गास्तोन दे पेराल्ता यांच्या नियमांनी एस्तान्सियाचं माप पक्कं केलं. मोठ्या जनावरांसाठी, म्हणजे गाई-बैल-घोड्यांसाठी, दर बाजू 5000 वारा. ‘वारा’ हे स्पॅनिश लांबीचं माप, मेक्सिकोत साधारण 84 सेंटिमीटर. म्हणजे जवळपास सव्वाचार किलोमीटरची बाजू आणि सुमारे 1755 हेक्टर क्षेत्र. लहान जनावरांसाठी, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांसाठी, त्याहून लहान, सुमारे 780 हेक्टर. आजही मेक्सिकोच्या जुन्या दफ्तरांत ‘एस्तान्सिया दे गानादो मायोर’ आणि ‘एस्तान्सिया दे गानादो मेनोर’ असे शब्द दिसतात ते याच मापांचे. अनुवादात याचं ‘मोठा एस्तान्सिया’ आणि ‘छोटा एस्तान्सिया’ असं केलेलं मी पाहिलं आहे. ते चूक. मोठं-लहान हे जनावराचं विशेषण आहे, जमिनीचं नव्हे. आपल्या पशुसंवर्धन खात्याच्या कागदात ‘मोठी जनावरे’, ‘लहान जनावरे’ असतात, तसंच.

एकदा चार बाजू ठरल्या की तळाची जमीन व्हायला वेळ लागत नाही. त्यावर शिक्का बसला तो 1591 मध्ये, स्पेनचा राजा फेलिपे दुसरा याच्या आज्ञेने. ज्याच्या ताब्यात कागदाविना जमीन आहे त्याने राजाच्या तिजोरीत रक्कम भरावी आणि हक्क पक्का करून घ्यावा. या व्यवहाराला ‘कोम्पोसिसिओन’ म्हणत, आपल्याकडे ‘नियमित करून घेणं’ म्हणतात तेच. सतराव्या शतकात हे मोठ्या प्रमाणावर झालं. ज्यांना केवळ गुरं थांबवायची मुभा होती ते जमिनीचे मालक झाले आणि समाईक कुरण त्यांच्या हद्दीत गेलं. एका शब्दाच्या पोटात एवढी मोठी उलथापालथ झाली, आणि शब्द मात्र तोच राहिला. पुढे मेक्सिकोत ‘एस्तान्सिया’ मागे पडून ‘हासिएन्दा’ पुढे आला. आज मेक्सिकोत ‘एस्तान्सिया इन्फान्तील’ असा फलक दिसला तर ते पाळणाघर असतं. मुलं दिवसभर जिथे थांबतात ती जागा.

शब्द गुरांच्या अर्थाने जगला तो दक्षिणेत, रिओ दे ला प्लाता नदीच्या दोन्ही तीरांवर. हुआन दे गाराय यांनी 1580 मध्ये ब्यूनोस आयर्स दुसऱ्यांदा वसवलं तेव्हा सोबतच्या लोकांना जमिनी वाटल्या. त्यांतल्या गुरांसाठीच्या वाट्याचं नाव ‘सुएर्ते दे एस्तान्सिया’. नदीकाठाला 3000 वारा रुंदी आणि आत दीड लीग खोली. ‘लीग’ हे अंतराचं जुनं माप, साधारण पाच किलोमीटर. नदीकाठ सगळ्यांना हवा, म्हणून वाटे असे पट्ट्यासारखे लांबट. पलीकडच्या तीरावर, आजच्या उरुग्वेत, एर्नान्दारियास या गव्हर्नरांनी 1611 आणि 1617 मध्ये गुरं सोडली. सोडली म्हणजे अक्षरशः सोडून दिली. माणूस जवळपास नाही, शिकारी श्वापदांची भीती बेताची, गवत अमाप. गुरं रानटी होऊन पसरली.

त्यामुळे तिथे बराच काळ एस्तान्सियापेक्षा ‘वाकेरिया’ जोरात होती. ‘वाका’ म्हणजे गाय आणि वाकेरिया म्हणजे रानटी गुरांची शिकार. शहराच्या कबिल्दोकडून, म्हणजे नगरसभेकडून, परवाना काढायचा, घोडेस्वारांची टोळी घेऊन निघायचं. स्वाराच्या हातात लांब काठी, तिच्या टोकाला चंद्रकोरीच्या आकाराचं पातं. धावत्या जनावराच्या मागून जाऊन त्या पात्याने मागच्या पायाची शीर तोडायची, जनावर कोसळलं की पुढच्याच्या मागे. मागून येणारे कातडं सोलत, चरबी आणि जीभ काढून घेत. बाकी मांस तिथेच, कुत्र्यांना आणि गिधाडांना. युरोपात किंमत होती ती कातड्याला. मांस टिकवून पाठवायची सोय तेव्हा नव्हती.

रानटी कळप संपत आले तेव्हा गुरं राखण्याशिवाय गत्यंतर उरलं नाही, आणि तिथे ‘एस्तान्सिया’ हा शब्द आपल्या मूळ अर्थाने पुन्हा उभा राहिला. कारण पाम्पाच्या, म्हणजे या भागातल्या गवताळ प्रदेशाच्या, सपाट मैदानावर कुंपण घालायला ना लाकूड, ना दगड. मग हजारो गुरं एका ठिकाणी थांबवायची कशी? त्यासाठी तिथल्या लोकांकडे एक सुंदर क्रियापद आहे, ‘आकेरेन्सियार’. ‘केरेर’ म्हणजे हवं असणं, प्रेम असणं. ‘केरेन्सिया’ म्हणजे जनावराला ज्या जागेची ओढ लागते ती जागा. नवीन कळप आणला की गुराखी दिवसरात्र त्याच्याभोवती घोडे फिरवत, रोज त्याच पाण्यावर नेत, रोज त्याच उंचवट्यावर आणून थांबवत. काही काळाने गुरांना त्या रानाची सवय लागे, लळा लागे, आणि मग ती आपणहून तिथे परत येत. कुंपण होतं ते जनावराच्या मनात. जनावरं राखणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

ही सवय मोडू नये म्हणून ‘रोदेओ’ असे. आज रोदेओ म्हटलं की बैलावर बसायचा खेळ डोळ्यांसमोर येतो, पण मूळ ‘रोदेआर’ म्हणजे वेढा घालणं, भोवती फिरणं. ठरलेल्या दिवशी स्वार चारी बाजूंनी गुरं हाकत मध्यावरच्या एका जागी गोळा करत. पाम्पावर झाड नाही म्हणून त्या जागी एक जाड लाकडी खांब रोवलेला असे, गुरांना अंग घासायला. खांबाच्या लोभानेही गुरं तिथे येत. चार्ल्स डार्विन 1833 मध्ये या भागात हिंडत होता, त्याने उरुग्वेतल्या एका एस्तान्सियावरचं काम बारकाईने टिपून ठेवलं आहे. आठवड्यातून दोनदा गुरं मध्यावर आणायची, माणसाळावीत म्हणून आणि मोजायची म्हणून. दहा-पंधरा हजार जनावरं मोजणार कशी? तर एवढा कळपही आपणहून चाळीस ते शंभर जनावरांच्या छोट्या टोळ्यांत विभागलेला असतो. प्रत्येक टोळीत रंगाने किंवा ठिपक्यांनी उठून दिसणारी दोन-चार जनावरं असतात, गुराखी त्यांवरून टोळी ओळखतात, आणि प्रत्येक टोळीचा आकडा त्यांना पाठ असतो. दहा हजारांतलं एक हरवलं तरी कळतं. वादळी रात्री सगळ्या टोळ्या एकमेकींत मिसळतात आणि सकाळी पुन्हा आपापल्या वेगळ्या होतात. ‘एस्तान्सिया’ म्हणजे केवळ जमीन नव्हे, थांबण्याची एक शिकवलेली रीत आहे, याचा याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

मालकी ओळखायची खूण म्हणजे तापल्या लोखंडाचा डाग. ब्यूनोस आयर्सच्या कबिल्दोने अशा डागांची नोंद 1589 पासून ठेवायला सुरुवात केली. म्हणजे हद्दीचा दगड नव्हता तेव्हाही डाग होता. जनावर कोणाचं ते नक्की, जमीन कोणाची ते मोघम. मग तारेचं कुंपण आलं. 1840 च्या दशकात एस्तान्सिएरो रिचर्ड न्यूटन यांनी विलायतेहून तार मागवली, 1855 मध्ये फ्रान्सिस्को आल्बाक यांनी आपली अख्खी एस्तान्सिया चोहोबाजूंनी तारेने वेढली, आणि पुढच्या काही दशकांत पाम्पावर तारा पसरल्या. तारेने दोन गोष्टी झाल्या. निवडक वळूंची पैदास करता येऊ लागली, त्यातून अर्जेंटिनाचं गोमांस जगाच्या बाजारात गेलं. आणि कुठेही जा, कुठेही थांबा, लागलं तर एखादं जनावर मारून खा, अशा रीतीने जगणारा गाउचो घोडेस्वार घुसखोर ठरला. मग तो एस्तान्सियावरचा पगारी ‘पेओन’, म्हणजे गडी झाला.

या शब्दाला एक काळी बाजू आहे, ती टाळून पुढे जाणं मला पटत नाही. 1878-79 पासून अर्जेंटिनाचे जनरल हुलिओ रोका यांच्या मोहिमांनी दक्षिणेतल्या मापुचे, रान्केल, तेहुएल्चे या मूळ रहिवाशांची भूमी बळाने घेतली. त्या मोहिमेचा खर्च त्याच जमिनींचे रोखे आगाऊ विकून उभारला होता. मोहिमेला अधिकृत नाव दिलं ‘वाळवंटाचा विजय’. ती भूमी वाळवंट नव्हती आणि रिकामीही नव्हती. आणखी दक्षिणेला, तिएर्रा देल फुएगो बेटावर, मेंढ्यांच्या एस्तान्सिया उभ्या राहताना सेल्कनाम लोक माणसं लावून मारले गेले. पर्यटनाच्या माहितीपत्रकात ‘शंभर वर्षांची एस्तान्सिया’ असं वाचलं की त्या शंभर वर्षांआधी तिथे कोण राहत होतं, हे विचारायला हवं.

एस्तान्सियावरची शब्दसंपदा पाहिली की तिचा नकाशाच समोर येतो. ‘कास्को’ म्हणजे मध्यवर्ती वाडा, मालकाचं घर, बाग आणि भोवतालच्या इमारती. ‘त्रान्केरा’ म्हणजे मोठं लाकडी फाटक. ‘पुएस्तो’ म्हणजे लांबच्या कोपऱ्यातली चौकी, तिथे ‘पुएस्तेरो’ कुटुंबासह राहून आपल्या भागातली गुरं सांभाळतो. ‘मायोर्दोमो’ कारभारी आणि ‘कापाताझ’ मुकादम. आणि सगळ्या एस्तान्सिया गुरांच्याच असतात असंही नाही. कोर्दोबा प्रांतातल्या जेझुइट पाद्रींच्या एस्तान्सिया, आल्ता ग्रासिया, हेसुस मारिया, सान्ता कातालिना वगैरे, यांचा 2000 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तिथून खेचरं वाढवून आजच्या बोलिव्हियातल्या पोटोसीच्या चांदीच्या खाणींकडे पाठवली जात. त्या उत्पन्नावर कोर्दोबातलं कॉलेज आणि विद्यापीठ चालत असे. 1767 मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना हाकललं तेव्हा या एस्तान्सिया त्यांच्या हातून गेल्या.

आता ‘हासिएन्दा’. लॅटिन ‘फाकिएन्दा’, म्हणजे करायच्या गोष्टी, करायची कामं. जुना ‘फ’ स्पॅनिशमध्ये ‘ह’ झाला आणि मग उच्चारातून गळाला, म्हणून खरा उच्चार ‘आसिएन्दा’. मराठीत ‘हासिएन्दा’ रुळला आहे, मी त्याच्याशी भांडत नाही. कामं, मग कामातून आलेली मालमत्ता, मग शेतीवाडीची मोठी जमीन, आणि दुसरीकडे सरकारी मालमत्ता, म्हणजे खजिना. म्हणून स्पेनचं अर्थमंत्रालय ‘मिनिस्तेरिओ दे हासिएन्दा’. पोर्तुगीजने ‘फ’ जपला, तिथे ‘फाझेन्दा’. ब्राझीलमध्ये फाझेन्दा म्हणजे कॉफीची किंवा गुरांची मोठी जमीन, तर गोव्यातल्या पोर्तुगीज राजवटीत फाझेन्दा म्हणजे सरकारी खजिना आणि महसूल. पणजीतल्या एका जुन्या सरकारी इमारतीला आजही फाझेन्दाच म्हणतात, तिथे जमीनदारी शोधायला जाऊ नये. अर्जेंटिनात तर आणखी वेगळं: तिथे ‘आसिएन्दा’ म्हणजे खुद्द गुरं. ‘मेर्कादो दे आसिएन्दा’ म्हणजे गुरांचा बाजार. म्हणजे अर्जेंटिनात एस्तान्सियावर आसिएन्दा चरते. हे वाक्य मेक्सिकोच्या माणसाला ऐकवलं तर तो चक्रावेल.

‘रांचो’चं मूळ वेगळ्याच कुळातलं. फ्रेंच ‘रांग’, म्हणजे ओळ, त्यावरून ‘से रांजे’, म्हणजे आपापल्या जागी लागणं. त्यातून स्पॅनिश सैनिकांचं ‘रांचेआर्से’, म्हणजे तळ ठोकणं, आणि ‘रांचो’, म्हणजे तळावरची राहुटी, तसंच तळावर सगळ्यांसाठी एकत्र शिजवलेलं जेवण. मेक्सिकोत रांचो म्हणजे लहान शेतवाडी किंवा गुरांची जागा, आणि तिथून टेक्सास-कॅलिफोर्नियामार्गे इंग्रजी ‘रँच’ झाला. अर्जेंटिनात मात्र रांचो म्हणजे माती-गवताची झोपडी, पेओनचं किंवा गाउचोचं घर. व्हेनेझुएलात, काराकासच्या टेकड्यांवर, रांचो म्हणजे झोपडपट्टीतलं खोपटं. म्हणून अर्जेंटिनाच्या मजकुरातल्या ‘रांचो’चं भाषांतर ‘रँच’ केलं तर गड्याच्या झोपडीची जमीनदारी होते. ही चूक मी छापील अनुवादांत पाहिली आहे.

व्हेनेझुएला आणि कोलंबियाच्या मैदानी प्रदेशात याच गोष्टीला ‘आतो’ म्हणतात, त्याचा मूळ अर्थ कळप आणि गुराख्याचं सामानसुमान. ‘फिन्का’ म्हणजे कोणतीही शेतजमीन, कॉफीची बाग असो की फळांची. ‘गानादेरिया’ हा पशुपालनाच्या व्यवसायाचा शब्द. त्यातला ‘गानादो’ मला फार आवडतो. ‘गानार’ म्हणजे मिळवणं, कमावणं, आणि ‘गानादो’ म्हणजे मिळवलेलं, त्यावरून गुरं. आपलं ‘गोधन’, ‘पशुधन’ याच विचाराचं. सीमाभागातल्या वाचकांना ठाऊक असेल, कन्नडमध्ये तर ‘दन’ म्हणजे सरळ गुरंच.

मराठीत लिहिताना काय करावं? माझं मत: अर्जेंटिना-उरुग्वेच्या संदर्भात ‘एस्तान्सिया’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘गुरांची मोठी खासगी जमीन’ एवढं सांगून पुढे जावं. ‘जहागीर’ करू नये. जहागिरीत महसुलावर हक्क असतो. तिच्याशी काही जुळत असेल तर ते ‘एन्कोमिएन्दा’, म्हणजे स्थानिक लोकांकडून खंडणी आणि श्रम घेण्याचा राजाने दिलेला हक्क. ती आणि एस्तान्सिया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जरी अनेकदा दोन्ही एकाच माणसाच्या हाती असल्या तरी. ‘गोठा’ही नको, गोठ्याला स्पॅनिशमध्ये ‘एस्ताब्लो’ आहे, तोही ‘स्तारे’वरूनच आलेला. सोळाव्या शतकातल्या मेक्सिकोचा कागद असेल तर ‘गुरांचा तळ’ किंवा ‘चराईचा तळ’ हे मला सगळ्यात जवळचं वाटतं. 1600 नंतरच्या कागदात मात्र तळ म्हणून चालणार नाही, तिथे जमीनच म्हणायला हवं.

उच्चार दक्षिण अमेरिकेत ‘एस्तान्सिया’, स्पेनच्या बहुतेक भागात ‘एस्तान्थिया’. जोर ‘तान’वर. स्पॅनिशमध्ये शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून मराठीतही मी ‘ती एस्तान्सिया’ म्हणतो. आणि स्पेनला शिकायला जाणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट: तिथल्या विद्यार्थी-परवान्यावर ‘एस्तान्सिया पोर एस्तुदिओस’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ शिक्षणासाठी मुक्काम. स्पॅनिश कायदा त्याला ‘रेसिदेन्सिया’, म्हणजे वास्तव्य, यापेक्षा वेगळा धरतो, म्हणून अर्ज भरताना या दोन शब्दांची अदलाबदल करू नका.